ब्राँझचं गोल्ड करणारा मी

आम्ही दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत राहायचो, तेव्हा माझी मुलगी शेजारच्या क्लबात ज्युदो शिकायची. तिचे कोच जॉर्जियाचे. जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवलेला माणूस. त्यांच्या गावी ते बेकरीत शिरले की लोक रांग सोडून त्यांना पुढे करत म्हणे. दुबईत आम्ही आठ-दहा पालक सोडले तर कुत्रं विचारत नव्हतं. पहिले दोन महिने त्यांनी मुलीला नुसतं पडायला शिकवलं, तेव्हा फी भरताना मी त्यांच्या नावाने खडे फोडले होते. घरी चहाला आले की कपाबाहेर त्यांचं एक बोट ताठ उभं राही. त्या साहेबी थाटावरून मी त्यांना चिडवायचो. ते नुसते हसायचे.

२००८ च्या मंदीत क्लब बंद पडला. महिन्याभरात दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा, अशी वेळ कोचवर आली. दूरच्या रुवैस गावातल्या एका शाळेला ज्युदो शिकवणारा माणूस हवा होता. मी जबल अलीत एका कंपनीच्या एचआरमध्ये होतो. त्या दिवसांत नोकरी गेलेल्या ओळखीच्यांचे बायोडेटा मीच लिहायचो, आणि क्लार्कचा एक्झिक्युटिव्ह करण्यात माझा हात चांगलाच बसला होता. कोचचा बायोडेटा लिहिताना ब्राँझ टाईप केलं आणि वाटलं, तिसऱ्या नंबराला कोण विचारतो? गोल्ड केलं. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागे. माझ्यावर भरवसा ठेवून त्यांनी न वाचताच सही केली.

इंटरव्ह्यूत प्रिन्सिपलने विचारलं, गोल्ड कोणत्या साली? हे म्हणाले, गोल्ड नाही, ब्राँझ. कागदावर तर गोल्ड आहे. हे म्हणाले, कागद खोटा आहे. तिथेच सगळं संपलं.

परत आल्यावर ते थेट आमच्याकडे आले. मी उलट त्यांच्यावरच चिडलो. "यस म्हणायचं ना कोच! हू चेक्स?"

"हबीबी," ते शांतपणे म्हणाले, "दॅट ब्राँझ आय टेक विथ ब्रोकन फिंगर. व्हाय यू थ्रो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची नोकरी मी घालवली होती. आणि ज्या पदकासाठी ते आयुष्यभर झिजले, त्याचीच मला लाज वाटली होती.

देश सोडून जायच्या आदल्या दिवशी ते पुन्हा आले. "प्रिंट अगेन. ब्राँझ." आता त्याचा काय उपयोग, असं म्हणायचा मला धीर झाला नाही. मी दुरुस्त करून प्रिंट काढली. या वेळी त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. पुरती दहा मिनिटं लागली. मग घडी घालून कागद खिशात ठेवला.

दारात मुलीने कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला. तेही तितकेच वाकले. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. चार बोटं मिटली, पाचवं मिटलंच नाही.