सगळ्या गावाची नथ

कशेळ्याच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला धोंडूबाईचं गाव. गावात घरं बरीच, पण नथ म्हणावी अशी नथ एकच, आणि ती धोंडूबाईची. बसऱ्याचे टपोरे मोती, मधोमध लाल माणिक आणि त्याला खेटून हिरव्या पाचूचा खडा. तिच्या सासूने तरुणपणी माथेरानला एका मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या बायकोचं बाळंतपण निस्तरलं होतं. त्या बाईने खूश होऊन आपल्या नाकातली नथ काढून दिली. सासूने ती सुनेला दिली आणि सुनेने ती गावाला दिली म्हणा ना! कारण गावातली एकही नवरी त्या नथीशिवाय बोहल्यावर उभी राहत नसे.

नथ फुकट मिळे, पण धोंडूबाईचं व्याख्यान ऐकून घ्यावं लागे. "आदी हळद, आदी तेल, आदी लुगडं-चोळी, आन् सगळ्यात शेवटी नथ. उतरवताना पयली नथ. चुलीपाशी बसायचं नाय, धूर लागतो. अत्तर तर लावूच नगा. आन् पोरीला सांग, हसताना नथीला हात लावत जाऊ नगं." नवरीची आई मान डोलावून डोलावून थकायची आणि बाहेर येऊन म्हणायची, लग्न माझ्या पोरीचं आहे की नथीचं? धोंडूबाईला ते ऐकू जायचं. तिला त्याचं काही वाटत नसे.

एवढं सांगूनही हिरूने घोळ घातलाच. लेकीचं लग्न उरकल्यावर नथ नुसती कशी परत करायची, म्हणून तिने तांब्याची कळशी घासतात तशी ती चिंच लावून घासली. सोन्याची तार लखलखली, पण एका मोत्याची एक बाजू कायमची मंद झाली. धोंडूबाई हिरूशी दोन पावसाळे बोलली नाही, आणि बोलली तेव्हा पहिला शब्द 'चिंच' हाच होता.

नथ परत आली की धोंडूबाईची खरी चैन सुरू व्हायची. जुन्या मलमलीची चिंधी ओली करून ती घट्ट पिळायची, एकेक मोती हलक्या हाताने पुसायची, सावलीत सुकवायची, आणि मग नथ सरळ आपल्या नाकात घालून घरभर वावरायची. भाकऱ्या थापताना तेवढी उतरवायची. तिचा नवरा कोंडाजी शेतावरून आला की दारातच थबकायचा. "आज कुनाचं लगीन म्हनायचं?" "तुमचंच," ती म्हणायची. "मंग जेवान तरी चांगलं आसंल," असं म्हणून तो पाय धुवायला जायचा. नथीचं सगळं सुख धोंडूबाईला त्या एवढ्याशा बोलण्यात होतं.

लढाईच्या दिवसांत, एका भाद्रपदात कोंडाजी तापाने गेला. कपाळाचं कुंकू गेलं, गळ्यातलं गेलं, आणि नथ पत्र्याच्या डबीत कापसावर गेली. मुलगा सहदेव खोपोलीला कारखान्यात होता आणि अजून बिनलग्नाचा, त्यामुळे नाकात घालणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. धान्याची टंचाई होती, लग्नंही फारशी होत नव्हती. जी झाली त्यांत कोणी नथ मागितली नाही. का मागितली नाही हे कोणी बोललं नाही, पण ते धोंडूबाईला कळलं आणि मनाला फार लागलं.

दोन वर्षांनी, मार्गशीर्षात, शेजारची विमलबाई आली. तिच्या जयाचं लग्न ठरलं होतं, खालापूरकडचं स्थळ, वैशाखातला मुहूर्त. विमलबाई पदराचं टोक पिळत उभी राहिली.

"नथ पायजे गं. पर सासूबाई म्हनत्यात..."

विमलबाईची सासू म्हणजे येसूबाई. गावात सगळ्यात वडील, ऐन तरुणपणात विधवा झालेली, आणि लग्नकार्यात कोणी कुठे पाऊल ठेवायचं हे ठरवणारी. तिच्यापुढे पंचांगवाले गुरुजीसुद्धा जपून बोलायचे.

"काय म्हनत्यात?"

"नथ गावाची हाय, ती चालंल म्हनत्यात. पर ती डबीतनं निगून थेट जयाच्या नाकात जाऊ दे. मधी... मधी तुजं अंग नगं लागाया."

पूर्वी नवरीच्या नाकात नथ धोंडूबाई स्वतःच्या हाताने घालायची. "डबीच देते, जा," एवढंच ती म्हणाली. विमलबाई गेल्यावर तिने डबी उघडली. मोती पिवळट, कोरडे पडले होते. त्यांच्यावरचं पाणी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती चालत कर्जतला गेली. पोपटशेठ सोनाराने नथ दिव्याजवळ धरली, खिडकीशी धरली, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"डबीत किती दिवस होती?"

"हे गेल्यापास्नं."

"तरीच. माणिक-पाचूला काही होत नाही, ते दगड. पाचूला फक्त गरम पाण्यापासून आणि आपटण्यापासून जपायचं. मोत्याचं तसं नाही, बाई. कोरड्या कापसात कोंडलं की तो सुकतो. त्याला अंगाची ऊब लागते. अजून पार मेले नाहीत. कोणाला तरी रोज घालायला द्या, घाम पुसत जा, लग्न वैशाखात म्हणता ना, तोवर येतील माणसात."

परतीच्या वाटेवर धोंडूबाईने मनातल्या मनात गाव पालथं घातलं. विमलबाई दिवसभर चुलीत तोंड घालून बसणार. इंदूबाई पालथी झोपते. जयाच्या नाकात ती मुहूर्ताआधी जायची नाही. हिरूचं तर नावच नको, चिंच! घराशी येईपर्यंत गावात एकही नाक शिल्लक राहिलं नाही. राहिलं ते तिचं स्वतःचं अंग, आणि तेच लागायला नको होतं.

तिने अंघोळ केली, काळ्या दोऱ्यात नथ ओवली आणि चोळीच्या आत, पूर्वी मंगळसूत्र असायचं तिथे सोडली. पहिले दोन दिवस भीतीने तिला घास गोड लागला नाही. कळलं तर नथ गावाची राहणार नाही, कोणी पुन्हा मागायला यायचं नाही, आणि जयाचं लग्न बिननथीचं होईल ते वेगळंच. पण नाही घातली तरी नथ मरणारच होती. तार छातीला बोचायची, म्हणून तिने तारेच्या टोकाला चिंधी गुंडाळली आणि मोती तेवढे उघडे ठेवले. कांडणाला बसताना ती नथ काढून ठेवायची, संध्याकाळी ओल्या मलमलीने पुसायची. आणि हळूहळू भीती कमी होऊन तिला बरं वाटायला लागलं. खूप बरं वाटायला लागलं. पदराखाली काहीतरी आपलं आहे, जिवंत होतंय, असं वाटून ती एकटीच हसायची. "बगा, तुमचंच लगीन," असं कोंडाजीला मनात म्हणायची. होळीच्या सुमारास मोत्यांवर पाणी चढलं.

लग्नाच्या सकाळी नथ काढायची, पुसायची, गार होऊ द्यायची आणि डबीत घालून विमलबाईकडे द्यायची, असं तिने पक्कं ठरवलं होतं. पण वऱ्हाड लॉरीने आलं आणि फारच लवकर आलं. धोंडूबाई केस विंचरत होती तोच नटलेल्या जयाला घेऊन येसूबाई स्वतः दारात.

"नथ आन गं, बिगी बिगी! पावनं मांडवात आलं."

धोंडूबाई भिंतीकडे तोंड करून वळली. दोऱ्याची गाठ सुटेना. शेवटी तिने दोरा दातांनी तोडला, चिंधी ओढून काढली आणि डबीकडे हात नेला, तेवढ्यात येसूबाईने पुढे होऊन नथ तिच्या मुठीतून घेतली.

नथ गरम होती.

म्हातारीने तळहातावरच्या नथीकडे पाहिलं, तुटलेल्या दोऱ्याकडे पाहिलं, धोंडूबाईच्या गळ्याभोवती दोऱ्याने उठलेल्या लाल वळाकडे पाहिलं.

"कवापास्नं?"

"थंडीपास्नं, काकी."

"डबीच देते म्हनाली व्हतीस."

"डबीत मेली असती." धोंडूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "नगं आसंल तर हितंच ठेवा. पर पोरीला तशी मेलेली नथ कशी दिऊ?"

जया दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. बाहेर वाजंत्री सुरू झाली. येसूबाई नथ घेऊन उजेडाला गेली, एकेक मोती बोटाने फिरवून बघितला. चिंचेचा मोती तेवढा मंद होता, बाकीचे कसे दुधावर साय धरावी तसे दिसत होते.

"माज्या बी कुड्या व्हत्या मोत्यांच्या," ती हळूच म्हणाली. "आमचं माणूस गेलं तवा बांदून ठिवल्या. नातीला द्यायच्या म्हनून परवा काडल्या, तर पापुद्रं सुटलं हातात. मला कुनी सांगितलंच नाय गं." मग तिने नेहमीचा आवाज लावला. "बगत काय उभी ऱ्हायलीस, जये? नाक फुडं कर. डबीतली असती तर गार लागली असती." आणि आपल्याच हातांनी तिने नातीच्या नाकात नथ घातली.

येसूबाई कोणाजवळ बोलली नाही. पण जया बोलली, आणि लग्न झालेली पोर पहिल्यांदा माहेरी आली की काय काय बोलते ते गावाला ठाऊक आहे.

पुढच्या वैशाखात इंदूबाईच्या लेकीचं लग्न होतं. धोंडूबाईने या वेळी धडा घेतला होता. पहाटेच उठून चोळीतली नथ काढली, पुसली आणि पितळीत मलमलीवर छान मांडून ठेवली. इंदूबाई आली, तिने नथ उचलून तळहातावर घेतली, आणि तिचा चेहरा उतरला.

"धोंडूबाई, नथ गार का गं? तुजं अंग बरं नाय का?"

धोंडूबाई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिने नथ परत घेतली, चोळीच्या आत सरकवली आणि वरून पदर सारखा केला.

"बस जरा. आत्ता देते."

वऱ्हाड मांडवात आलं होतं, इंदूबाईला दोनदा हाका आल्या, पण गार नथ घेऊन जायला ती काही उठली नाही.