जगाच्या तुडुमावर आमची वैशू

मित्रांनो, अंगावरचा काटा अजून गेला नाही, म्हणून लगेच लिहून राहिलो.

माझी बहीण वैशू मुंबईला नोकरीत आहे. समुद्राखालून येणारी इंटरनेटची केबल जिथं किनाऱ्यावर चढते, त्या स्टेशनात. आमचे बाबा मात्र आजवर गावभर सांगत होते, पोरगी मोबाइलच्या टॉवरवर आहे.

आज दुपारी दिघोरीच्या शेतात बाबा आणि मी जेवत होतो, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. तिथं नवी केबल येत होती. दूर समुद्रात जहाज उभं होतं आणि तिथून वाळूपर्यंत नारिंगी फुग्यांची लांबच लांब रांग. त्या फुग्यांना बांधलेली केबल मनगटाएवढी.

"एवढीशी?" बाबांच्या हातातला घास हातातच राहिला.

"हो बाबा. दुसऱ्या देशातून समुद्राच्या तळानं आली. आत केसासारख्या काचेच्या तारा आहेत, त्यातून उजेड धावते."

आमच्या तलावाचं पाणी ज्या दारातून शेतात सुटते, त्या तुडुमावर बाबा वर्षानुवर्षं राखणीला बसतात. धानाच्या शेवटच्या बांधीत, म्हणजे टोकाच्या खाचरात, पाणी पोचल्याशिवाय घरी येत नाहीत.

"मंग तिथं तुडुमावर कोण बसते?" त्यांनी विचारलं.

"मीच, बाबा."

बाबांनी हात धुतले आणि फोन दोन्ही हातांनी धरला. कॉल संपल्यावर मला म्हणाले, "हे नेटवर लिहून टाक. अन् लोकाईले विचार, शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं का?"