खाजणात उतरवलेला ट्रॅक्टर

आमच्या खाजणात आता भात होत नाही. हे लिहायला हात वळत नाही, पण खरं तेच आहे.

खाजण म्हणजे खाडीलगतची खारी जमीन, बांध घालून पाण्याकडून मिळवलेली. बांध मातीचा. खाडीकडच्या अंगाला जांभ्याचे चिरे लावलेले, भरतीने माती धुऊन नेऊ नये म्हणून. वाडीचा रिवाज असा, की जो लावणी करील त्याने आपल्यापुढचा बांध राखायचा. लावणी सोडली की बांध सुटला. एकेकाने सोडली. कुणी मुंबईला गेला, कुणी आखातात, कुणी जयगडच्या बंदरात लागला. त्यांच्या तुकड्यांत खारं पाणी शिरलं, कांदळाचं रान माजलं. माझा एकट्याचा तुकडा उरला, तेव्हा मी तिन्ही बाजूंनी बांध घालून घेतला. चौथ्या बाजूला वाडीकडचा उंच काठ. लोक म्हणायचे, म्हातारा खाडीशी भांडतोय. दुसरीपर्यंत शिकलेला माणूस मी, पण भांडायला येतं आणि बांध घालायलाही येतं.

गेल्या उन्हाळ्यात माझा शेवटचा बैल मेला. वाडीत दुसरी बैलजोडी नाही. टिलरवाला काठावरूनच बघून गेला. म्हणाला, "या गाळात मी मशीन घालायचा नाय." इकडे तरवा तयार, खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या तांबड्या भाताची रोपं, लावायच्या जोगती झालेली. यंदा लावणी चुकली तर संपलं, हे मला कळत होतं. एकदा पडीक पडलेलं खाजण परत हाती येत नाही.

मुलाकडे छोटा ट्रॅक्टर आहे, वर कातळावरच्या आंब्याच्या बागांतलं गवत कापायचा. लोकांच्या बागा तो त्याच्यावर साफ करतो आणि त्यावर घर चालतं. टायर रुंद, बुटके, जवळजवळ गुळगुळीत.

"बाबा, तो गवतावर चालायला केलाय. चिखलात जागच्या जागी फिरेल," मुलगा म्हणाला.

"बैल काय कारखान्यातनं चिखलासाठी करून येत होता?"

"बैलाला पाय असतात."

"मग याला पाय करू."

आधी मी टायरांतली हवा कमी करवली, म्हणजे ते पसरून बसतील. मग काथ्याचा जाड दोर घेतला आणि टायरांना आडवातिडवा गुंडाळून जागोजाग गाठी मारल्या. नारळावर चढणारा पायांत दोराचा फास अडकवतो, तो झाडाला पकडून धरतो. झाडाला पकडतो तो चिखलाला का नाही पकडणार? मागे नांगराचा फण जोडला. अमावास्येचा दिवस होता, सकाळची ओहोटी. काठालगत ट्रॅक्टर चालला. खरंच चालला! दोन तासं, म्हणजे नांगराच्या रेघा, सरळ पडली. मुलाने माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि मी छाती काढून बांधावर उभा राहिलो.

तिसरं तास धरलं तेव्हा ट्रॅक्टर मध्यावर गेला आणि चाकं फिरायला लागली. दोराच्या खाचा गाळाने भरल्या होत्या, टायर लाडवासारखा गुळगुळीत. बैल रुतलेला पाय उपसून पुढे टाकतो, चाकाला पाय उपसता येत नाही.

"मागे वजन टाक. बागेत घसरतो तेव्हा टाकतोस ना?"

"तिथे खाली कातळ आहे, बाबा. इथे वजनाने आणखी खाली जाईल."

"मला शिकवू नकोस."

मातीच्या गोणी मागे चढवल्या. ट्रॅक्टर चाकांच्या कण्यापर्यंत बसला.

खाडीतून होडीवाला शेजारी चालला होता. तो ओरडला, "काय ओ काका, ट्रॅक्टरला पोहायला शिकवताव काय?" त्याने आमचे चेहरे बघितले, होडी लावली आणि खाली उतरला. तेवढ्यात पाऊस कोसळायला लागला. भरती चढत होती. भरतीला बांधातली उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं दार, दाबाने मिटते. मग पावसाचं पाणी आतच कोंडतं. बघता बघता ते इंजिनाच्या अंगाला लागलं. गोणी उतरवल्या, झावळ्या घातल्या, फळ्या घातल्या. गाळाने सगळं गिळलं.

होडीवाला म्हणाला, "चाकाखाली दगड पायजेत, काका." काठाला दगड नव्हते. दगड होते ते बांधाला.

"नको," मुलगा म्हणाला. "राहू दे ट्रॅक्टर. बघू नंतर."

त्याने हट्ट केला असता, मला शिव्या घातल्या असत्या, तर मी कुऱ्हाड घेऊन बांधावर बसलो असतो. तो नको म्हणाला. मी उतरलो आणि पहिला चिरा माझ्या हाताने काढला. तो मीच बसवला होता, तेव्हा बायको शेजारी बसून सांध्यांना चिखल लिंपत होती. मग आम्ही तिघांनी भराभरा काढले, चाकांखाली वाट केली, आणि ट्रॅक्टर धडपडत काठावर आला. मुलगा त्यावरच डोकं टेकून बसला.

भरती कुणाची वाट बघत नाही. उघडी पडलेली माती आधी विरघळली, मग ढासळली, मग खाडी आत आली. "ओहोटीला परत बांधू," मुलगा म्हणाला. मी हो म्हटलं. ओहोटीला आतलं पाणी त्याच वाटेने बाहेर पडलं आणि भगदाड दुप्पट करून गेलं. दुसऱ्या दिवशी मी एकटा जाऊन बघून आलो. माती टाकायला खोरंसुद्धा नेलं नाही.

तरवा उपटून शेजारच्या म्हशीला घातला. तिने आवडीने खाल्ला.

परवा होडीवाल्याची बायको पिशवीभर चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, घेऊन आली. "काकांच्या शेतातल्या हायत," सुनेला म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली. सुनेने कालवण केलं, सोबत भात दुकानचा, पांढरा, बारीक दाण्याचा. मी जेवलो. चिंबोरी ताटाच्या कडेला तशीच ठेवली. खाजणातली चिंबोरी गोड असते, मला ठाऊक आहे.