जोगळेकरांची कानटोपी

शपथेवर सांगतो, खालचा शब्द न् शब्द खरा आहे. आता शास्त्रात, म्हणजे बायबलात, आम्हाला शपथ घ्यायलाच मनाई आहे, म्हणजे पहिल्याच वाक्यात मी घसरलो. तेव्हा शपथ मागे घेतो. बराचसा खरा आहे, असं म्हणू.

दिल्लीकडे बाल्कनीत धूळ साठते तसे आमच्या मंडळीत किस्से साठतात. सकाळी झटका, संध्याकाळी पुन्हा बोटभर. मंडळी म्हणजे नोएडातली चार-पाच मराठी ख्रिस्ती घरं. रविवारी दुपारी कुणाच्या तरी फ्लॅटवर प्रार्थना, मग पोहे, मग निंदा. निंदेचा विषय बहुतेक एकच: ओहोळकाका.

सॅम्युएल ओहोळ, मूळचे नगरकडचे, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. भेटेल त्याला येशूची सुवार्ता सांगायची हा त्यांचा नेम. भाजीवाला, मीटर बघायला आलेला माणूस, राँग नंबर, कुणी सुटत नसे. वाक्य ठरलेलं: "आपके लिए प्रार्थना कर दूँ?" समोरचा हो म्हणायच्या आत डोक्यावरची टोपी हातात. प्रार्थनेत पुरुषानं डोकं झाकायचं नाही, ही आमची रीत.

त्यांच्या खालच्या मजल्यावर जोगळेकर. विमा कंपनीतले सर्व्हेअर. गाडी ठोकली म्हणणाऱ्याला "आधी गाडी दाखव" म्हणण्यात हयात गेली. देवालाही तेच म्हणायचे. बायको गेलेली, मुलगी बंगळुरात. रोज सकाळी दोघं सोसायटीच्या बागेत एकाच बाकावर. काकांनी प्रार्थनेला टोपी काढली की जोगळेकर आपली तपकिरी कानटोपी दोन्ही हातांनी मुद्दाम खाली ओढायचे. एप्रिलपर्यंत ती उतरत नसे. आमचा संशय, एवढ्यासाठीच.

*

एकदा वीज गेली आणि लिफ्ट अडकली. आत काका, सातव्या मजल्यावरच्या मिसेस चढ्ढा आणि त्यांचा कुत्रा. बाई रडकुंडीला आलेल्या. काकांनी टोपी काढली. बाईंनी डोळे मिटले, कुत्र्यानंही मान खाली घातली. प्रार्थना अर्ध्यात आली आणि लिफ्ट सुरू झाली. गेली थेट बेसमेंटला.

"अंकल," बाई म्हणाल्या, "सातवीं मंज़िल बोलना था ना."

*

करोल बागेत माझ्या गाडीला सीटकव्हर घ्यायला गेलो, काका सोबत. दुकानदार कापड दाखवतोय आणि काका त्याला तारणाचा मार्ग. त्यानं मन लावून ऐकलं. मग आत गेला आणि प्लास्टिकची येशूची मूर्ती घेऊन आला. डॅशबोर्डवर चिकटवायची, पाठीमागे लाल दिवा.

"सर जी, पहले बताते. हमारे पास सब भगवान हैं."

द्यायला गेलेले काका घेऊन परतले. आमच्यात मूर्ती चालत नाही, तरी. सोसायटीच्या गेटवर जोगळेकरांनी गाडीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "डॅशबोर्डवर कुणालाही बसवा. ब्रेक बघून घ्या."

*

यानंतरचे किस्से हसायचेच आहेत, पण जरा जपून.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, अमुक फ्लॅटमध्ये दर रविवारी धर्मांतर चालतं. पुढच्या रविवारी ओहोळकाकांच्या दारात दोन पोलीस. आतमध्ये आम्ही दहा-बारा जण, चहा गार होतोय. माझी बायको मुलीचा हात धरून किचनमध्ये जाऊन उभी राहिली. ओहोळकाका पहिल्यांदाच कुणाला काही सांगत नव्हते.

तेवढ्यात खालून कानटोपी वर आली.

"मैं जोगळेकर. हिंदू. ये आदमी बरसों से रोज़ सुबह मेरे पीछे पड़ा है," असं म्हणून त्यांनी काकांकडे बोट दाखवलं. "मुझे देखिए. कुछ हुआ है मेरा?"

मोठ्या साहेबानं जोगळेकरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. काही झालेलं दिसत नव्हतं. चहा पिऊन दोघे गेले.

आम्ही जोगळेकरांचे आभार मानले. काकांनी नाही मानले. "माझ्या जन्माचं अपयश पोलिसांना दाखवून आलास," म्हणाले.

"पुरावा म्हणून तेवढंच कामाचं होतं, मिशनरी."

तेव्हापासून आम्ही खिडक्या लावून गातो. जोगळेकर म्हणायचे, आता निदान बेसूर बाहेर जात नाही.

*

जानेवारीत मराठी लोकांची बस पानिपतला जाते, काला अंबला, लढाईच्या स्मारकाशी. त्या वर्षी धुकं असं की स्मारकाच्या पायथ्याशी उभं राहूनही स्मारक अर्धंच दिसत होतं. कुणी हार घालतंय, कुणी सेल्फी. जोगळेकर एका बाजूला बसून खोकत होते. तो खोकला दिवाळीपासूनचा. सिगारेटला कधी हात लावला नाही, नुसती दिल्लीची हवा घेतली. रिपोर्ट आठवड्यापूर्वी आला होता. फुप्फुस. पसरलेलं.

"ओहोळ, इथं एवढे मेले. करून टाक की यांच्यासाठी एक प्रार्थना."

"आमच्यात मेलेल्यांसाठी नसते."

"मग?"

"जिवंतपणीच उरकावं लागतं," काका म्हणाले. मग त्यांच्याकडे बघायचं टाळून धुक्याकडे बघत राहिले.

जोगळेकर बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "म्हणजे तुला घाई आहे. ऐक, एक वचन दे. मी पडलो की माझ्या उशाशी प्रार्थना नको. आयुष्यभर तुला नाही म्हटलं, शेवटी गलितगात्र असताना हो म्हटलं तर तो क्लेम खरा नाही. मी पास करणार नाही."

"मनातल्या मनात?"

"तेही नाही. तुझे ओठ हलतात."

काकांनी वचन दिलं. हातावर हात ठेवून. परतीच्या बसमध्ये आपल्या वाटचा तिळगूळ त्यांनी तसाच खिशात ठेवला. मी शेजारी बसलो होतो, मला म्हणाले, "ज्याला सांगायचं होतं तो हा एकच होता रे. बाकीचे सगळे सराव."

*

मार्चमध्ये जोगळेकर हॉस्पिटलमध्ये. घशाला भोक पाडून श्वासाची नळी बसवली, बोलणं बंद. काका रोज माझ्या गाडीतून जायचे. आत शिरताना टोपी घट्ट बसवायचे, काढायची नाही म्हणून. मग बोलायचे. पाण्याची टाकी, नवा सेक्रेटरी, बागेतला तुटलेला बाक. एक न बोलू शकणारा, एक न बोलायचं ठरवलेला, आणि खोलीत अखंड बडबड.

एके दिवशी काका प्रदूषणाचा मास्क लावून आले. जोगळेकरांनी थोडा वेळ पाहिलं. मग बोट उचललं आणि खुणेनं सांगितलं: काढ.

काकांनी मास्क काढला. ओठ हलत होते.

जोगळेकर हसले असावेत. नळीतून नुसती हवा आली.

*

शेवटचा किस्सा त्यानंतर दोन-तीन दिवसांचा. दुपार होती. खोलीत एसी एवढा की जोगळेकरांच्या डोक्यावर इथेही कानटोपी. मुलगी बंगळूरहून निघाली होती. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले होते, आज.

एक नवीन नर्स आली, केरळची. नळी साफ केली, चादर सारखी केली. मग जोगळेकरांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अंकल, आपके लिए प्रार्थना कर दूँ? छोटा-सा."

जोगळेकरांनी डोळे उघडले आणि काकांकडे पाहिलं. ठोकलेल्या गाडीकडे बघावं तसं.

काकांनी दोन्ही हात वर केले. "मी नाही सांगितलं. आई शप्पथ."

ओहोळकाकांना शपथ घेताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

जोगळेकर पाहत राहिले. मग त्यांनी नर्सकडे पाहिलं आणि डोळे मिटले. त्याचा अर्थ हो होता की थकवा होता, सांगता येणार नाही. काका मात्र उठले. "मला इथं थांबता येणार नाही," म्हणाले. "उशाशी प्रार्थना नको, असं आमचं ठरलंय." आणि मला ओढत बाहेर.

कॉरिडॉरमध्ये काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि आपली टोपी त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढली. कानांवर येईना, तरी ओढत राहिले.

नर्स ट्रे घेऊन बाहेर आली आणि पुढच्या खोलीत गेली. आम्ही आत गेलो. जोगळेकरांचे डोळे मिटलेले, नळीतून श्वास चालू. डोकं उघडं होतं. कानटोपी बाजूच्या स्टुलावर.

मुलगी पोचली तेव्हा ते नव्हते.

लिफ्टपाशी मी म्हणालो, "काका, नर्सला विचारून येऊ? टोपी कुणी काढली ते?"

"नको," काका म्हणाले. लिफ्ट आली, गेली. आम्ही तिथेच उभे.

*

आता कबुली. चढ्ढाबाईंचा कुत्रा लिफ्टमध्ये नव्हताच, तो मी घातला. टोपीचं मी काही रचलेलं नाही. रचायचं असतं तर ती स्टुलावर कशाला ठेवली असती? जोगळेकरांच्या हातातच दिली असती.