तापण्याची वाट

मुलगी घरच्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका बनवायची. त्यावरच आमचं घर चालायचं. पण बराच वेळ चालवला की पडद्यावर रंगीत पट्टे येऊन काम बंद पडायचं. कॉम्प्युटर घेतला त्या दुकानातला दुरुस्तीवाला एकदा येऊन गेला होता, पण त्याच्यासमोर पट्टे आलेच नाहीत. तो पुन्हा आला त्या दिवशी गॅरंटी संपत होती आणि मुलगी पत्रिका पोचवायला कल्याणला गेलेली.

ताप आलेल्या पोराला बघतात तसा त्याने कॉम्प्युटरला उलटा हात लावला. "मावशी, आतलं चित्राचं कार्ड तापतंय. पण माझ्यासमोर बंद पडलं, तरच शेठ बदलून देणार."

मी स्वयंपाकघराच्या दारातूनच मान हलवली. पडदा स्वच्छ होता. तो गुडघा हलवत बसला होता, सारखा हात लावून बघत होता. मग एकदम म्हणाला, "पंखा बंद करा. खिडक्या पण लावा."

"अहो, मे महिना आहे!"

"म्हणूनच तर."

शर्ट पाठीला चिकटला तरी तो उठला नाही. मी दिलेलं पाणी एका हाताने प्यायला, दुसरा हात कॉम्प्युटरवरच. ना दुकान त्याचं, ना कॉम्प्युटर.

शेवटी पडदा थरथरला. "आले, मावशी, आले!" पाहुणे आल्यासारखा तो ओरडला. मला हसू आवरेना.

नवीन कार्ड बसवून निघताना चपला घालत तो हळूच म्हणाला, "पंख्याचं शेठला बोलू नका हां."

मी मुलीलाही बोलले नाही.