फाटकाजवळचा नळ

पाणीखात्यात त्यांना सगळे बाटलीमामा म्हणत. सकाळी सहाला बाटल्यांचा क्रेट सायकलला बांधायचा, नेमून दिलेल्या घरांच्या नळांचं पाणी भरायचं, चिठ्ठीवर घराचा नंबर लिहायचा आणि दहाच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचं. एकवीस वर्षं हेच. एकही बाटली फुटली नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

निवृत्तीला चार महिने उरले असताना एका धर्मादाय ट्रस्टची इंजिनीअर आली. तिशीही न गाठलेली, बोलणं भराभर. जुन्या घरांना अजून शिशाच्या नळ्या होत्या. ते शिसं पाण्यात उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. ट्रस्ट त्या नळ्या फुकट बदलून देणार होता. आणि आधी अशा वस्त्यांना, जिथल्या लोकांना त्यांच्या रंगावरून आजवर रांगेत शेवटी उभं केलं गेलं.

"म्हणजे खालची वस्ती," फायली सांभाळणारा कारकून म्हणाला.

"तीच यादीत बसत नाही," इंजिनीअर म्हणाली. "तक्ता बघा ना, दहा वर्षांत एकदाही शिसं सापडलेलं नाही. मामा, हे कसं हो?"

"पाण्याचं काय सांगता येतं," असं म्हणून मामा क्रेटवरची नसलेली धूळ पुसू लागले.

"मामांचा हात लागला की गटारही शुद्ध होतं," कारकून हसला.

मामा हसले नाहीत. खालच्या वस्तीत खाणीत राबायला आणलेल्या काळ्या माणसांची नातवंडं राहत. मामा नवे असताना जुन्या नमुनेवाल्याने शिकवलं होतं, "त्यांच्या घरात कशाला शिरतोस? वस्तीच्या फाटकाजवळ सार्वजनिक नळ आहे, तिथेच सगळ्या बाटल्या भर. पाणी शेवटी एकच." मामांना ते बरंच वाटलं होतं. त्या लोकांच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं म्हणजे नको रे बाबा! पण फाटकाचा नळ थेट मोठ्या लोखंडी लाइनवर होता. शिसं होतं ते तिथून घरात जाणाऱ्या बारक्या नळ्यांत. हेही मामांना एका प्रशिक्षणात कळलं होतं. त्या दिवशी घरी येऊन ते बायकोला म्हणाले, उद्यापासून आत जायचं. तो उद्या काही उजाडला नाही.

"यादी शुक्रवारी पक्की होते," इंजिनीअर म्हणाली. "त्याआधी एक चक्कर मारू. घरं तुमच्या ओळखीची आहेत."

खालच्या वस्तीत बारा नंबरच्या घरात एक शिवणवाली मशीनवर बसली होती. शेजारी जमिनीवर सातेक वर्षांची नात पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवून अडून राहिली होती.

"पाणी तपासायला? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा!" शिवणवाली म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून बाटली घेऊन कुणी आलेलं बघितलं नाही."

इंजिनीअरने तक्ता काढला. "मावशी, इथे तर तुमच्या घरचे चौदा नमुने आहेत. तुम्ही बाहेर असाल तेव्हा..."

"हे मशीन सोडून मी कुठे जाते पोरी? या भाऊंना मात्र ओळखते. फाटकाशी सायकल लावतात. कितीदा हाक मारली, चहा घेऊन जा म्हणून. त्यांना घाईच असायची."

नात पुन्हा त्याच ओळीवर अडखळली. "शाळेत म्हणतात, हिच्या डोक्यात काही शिरत नाही," आजी म्हणाली. "आमच्या सगळ्याच पोरांना म्हणतात. काळ्यांची डोकी अशीच म्हणे."

चार महिने गप्प बसलं की सुटलो, हा विचार मामांच्या मनात आलाच, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

"तो तक्ता खोटा आहे," ते म्हणाले. "मी कधी आत आलोच नाही. सगळ्या बाटल्या फाटकावर भरल्या."

मशीन थांबलं. "का?"

घाई होती, पाय दुखायचा, असं सांगता आलं असतं. "किळस वाटायची," मामा म्हणाले. "तुमच्या घरांची."

मग इंजिनीअर हळूच म्हणाली, "आणि आम्ही कागद बघून तुम्हाला यादीतून काढणार होतो. आधी इथे यायला आमचं तरी काय बिघडत होतं!"

तिने यादी थांबवली. मामांनी लेखी दिलं, त्यांची चौकशी लागली, बाटल्यांना हात लावायची बंदी झाली. दुसऱ्या माणसाने घरोघर जाऊन रात्रभर न उघडलेल्या नळांचं पहिलं पाणी भरलं. बारा नंबरात मर्यादेच्या पाचपट शिसं निघालं. वस्ती यादीत पहिली लागली.

हे सांगायला मामा स्वतः गेले. माफीचे शब्द वाटेत दहादा जुळवले होते. शिवणवालीने ते पुरते ऐकूनही घेतले नाहीत.

"नळ्या बदलतील, चांगलं झालं. पण हिला मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवलंय. शाळेत चला."

"मी तिथे काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच. हिच्या पाण्यात काय होतं, आणि ते तुम्ही का बघितलं नाही. मी सांगितलं तर कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील."

मामांना वाटलं, लिहून देतो म्हणावं. पण ती चप्पल घालून रस्त्याला लागलीही होती. शाळेच्या ओसरीवर पोचले तेव्हा आतून पाढ्यांचा आवाज येत होता. मामा पायरीशीच थांबले.

"ऐकू येईल असं बोला, भाऊ," ती म्हणाली, आणि तिने दार ढकललं.