टाकळीकर साहेबांनी न पाहिलेली गिरणी

पेढा हातात दिला तरी टाकळीकर साहेब आधी विचारायचे, "दाखला काढला का?" माझी धाकटी झाली तेव्हा मी शहागंजातल्या बँकेत पेढे घेऊन गेलो होतो. पोरगी चार दिवसांची, नाव ठेवायचं होतं अजून. "नाय काढला," म्हणालो. साहेबांनी पेढा टेबलावर ठेवला. "मग बाबुराव, सरकारदरबारी ती अजून व्हायची आहे." पेढा त्यांनी खाल्ला, पण दाखला दाखवल्यावर. तोवर तो वाळून खडा झाला होता.

साहेब बँकेत कर्जाचं काम बघायचे. अंगानं काटकुळे. अक्षर असं, की वाचू नये, नुसतं बघत बसावं. कुणी काही सांगू लागलं की त्यांचं ठरलेलं असायचं, "कागदावर आहे का? मग आहे."

मी आमच्या चितेगावात पिठाची गिरणी टाकायची ठरवली. नवे कारखाने आले होते, कामगार खोल्या करून राहत होते, आणि त्यांच्या बायका डोक्यावर डबे घेऊन दळणाला लांब जात होत्या. कर्ज मंजूर झालं. बँकेचा रिवाज असा, की पैसे माझ्या हातात नाहीत, थेट दुकानदाराला. आणि दुकानदार बँकेच्या यादीतलाच पाहिजे. मला दुसरं एक दुकान पटलं होतं. साहेब म्हणाले, "ते यादीत नाही. यादीतला माणूस तो आमचा माणूस. डोळे झाकून घ्या."

त्यांच्या माणसानं मला चहा पाजला आणि एक कागद पुढं केला. "दादा, इथं सही ठोका. सही बघून बँक पैसे सोडती. पैसे आले की गिरणी गाडीवर चढली म्हणून समजा." मी कागद नीट बघितला आणि सही केली. इथं एक सांगून ठेवतो. निजामाच्या राज्यात मी दोन वर्षं उर्दू शाळेत बसलो. पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली, तिथं एक वर्ष काढलं. मी अडाणी नाही. सही तर लई झोकात करतो.

कागदावर लिहिलं होतं की गिरणी मिळाली.

मार्च संपत आला होता. पैसे सोडायच्या आधी साहेबांनी चितेगावला येऊन गिरणी बघायचा नियम होता. बाहेर ऊन, टेबलावर ढीग. त्यांनी माझी सही बघितली आणि बसल्या जागी लिहून टाकलं : 'समक्ष पाहणी केली. गिरणी चालू आहे. पीठ बारीक पडते.' पैसे गेले. आठ दिवसांनी बघतो तर दुकानाला कुलूप, पाटीसुद्धा काढून नेलेली. माझ्या शेडात नुसता सिमेंटचा ओटा, आणि त्यावर कोंबड्या.

घरी कारभारीण म्हणाली, "आता कागदच मळते परातीत." वर बँकेची नोटीस आली. हप्ता भरा, नाहीतर तारण ठेवलेलं तीन एकर रान जाईल.

मी भरणारा नव्हतो. मंगळवारी गव्हाचा डबा उचलला आणि बँकेत नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"दळण. तुमच्या कागदावर गिरणी चालू हाय. दळून द्या."

"बाबुराव, चेष्टा करू नका."

"चेष्टा मी केली व्हय? पीठ बारीक पडतं हे कुणी लिव्हलं?"

पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो. मग शिपाईच दारातून ओरडायला लागला, "साब, दळण आया!" सगळी बँक हसायची. पाचव्या मंगळवारी साहेब हळूच म्हणाले, "तो अहवाल मी रोज काढून वाचतो. इतका चांगला लिहिलाय, की मलाच खरा वाटतो."

शेवटी मोठ्या ऑफिसातून एक साहेब चौकशीला आला. टाकळीकर साहेबांनी मला बाहेरच गाठून सांगितलं, "न वाचता सही केली म्हणा. त्यानं थोडं तरी सुटाल."

आत मोठ्या साहेबानं विचारलं, "कागद वाचून सही केली होती?"

"व्हय. वाचूनच."

टाकळीकर साहेबांनी कपाळाला हात लावला.

"मग गिरणी मिळाली असं लिहून कसं दिलंत?"

मोठ्या साहेबानं तोच कागद पुढं सरकवला. "जरा वाचून दाखवा." चार कारकून माना वर करून बघत होते. मी ओळीवर बोट ठेवलं. ते उजव्या टोकाला पडलं, उर्दूत ठेवतात तसं. रान गेलं असतं तर सोसलं असतं, पण ही शोभा या चौघांदेखत नको होती.

टाकळीकर साहेब उभे राहिले. "कागद राहू द्या, साहेब. त्यांनी वाचला असेल, नसेल. गिरणी मी पाहिलेली नाही. पाहायचा पगार मी घेतो, ते घेत नाहीत. दुकान आमच्या यादीतलं, पैसे आमच्या हातानं गेले. त्या दुकानदाराला आम्ही शोधायचं, यांनी नाही."

"हे लिहून द्याल?"

"देतो," म्हणाले, आणि तिथंच लिहिलं. अक्षर जरासुद्धा हललं नाही.

नोटीस परत गेली. बँक दुकानदाराच्या मागं लागली, आणि बँकेच्याच पैशानं मला पटलेल्या दुकानातून गिरणी आली. साहेबांची मात्र बढती अडली आणि बदली किनवटला झाली.

जायच्या आदल्या दिवशी ते चितेगावला आले. गिरणी चालू करायला लावली, पायलीभर ज्वारी दळून घेतली, पीठ चिमटीत धरून बघितलं. मग रांगेतल्या बायकांना म्हणाले, "बायांनो, थोडा वेळ बाहेर थांबा. आमचं काम आहे." दार लोटून घेतलं, पोत्यावर बसले आणि ही नवी गिरणी मिळाल्याचा, सहीचा कागद माझ्यापुढं ठेवला.

"वाचा. सावकाश. मला घाई नाही."

अर्धं पान होतं. मी एकेक अक्षर जोडत गेलो. साहेबांनी एकदाही मधे शब्द पुरवला नाही. त्यांची पाचची एसटी थांबली, हॉर्न देऊन निघून गेली. दोघांनीही ऐकलं. 'गिरणीचे काम समाधानकारक आहे' इथवर आलो आणि थांबलो.

"काय झालं?"

"पट्टा घसरतोय. समाधानकारक नाय. मी सही करणार नाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग गिरणीकडं बघितलं. पेन खिशाला लावलं, बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, "पाना द्या."